विटक्या लाल ट्रॅक्टरचा वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पुरुषांचे कोट शिवण्याचा (आता बंद, पण बटण तुटलं की लोक अजून माझ्याच दारात येतात), राहणार याच घरात, राजीखुशीने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. हे नुसतं माझं मत नव्हे. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात मला तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "मंगळवार. आणि तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय." त्यांनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

हे लिहिताना मला कोणी दम दिलेला नाही, फूस लावलेली नाही किंवा हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं नाही. मला चढायचं असतं तेव्हा मी ट्रॅक्टरवर चढते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. त्यामुळे जुनं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही, असं वकीलबाईंनी घालायला सांगितलं म्हणून घातलं.

आत्ताच का, असं कोणी विचारील. मरायची घाई मुळीच नाही. पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ट्रॅक्टरचा क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो आणि तो भारी जड आहे, म्हणून मला नवा गुडघा हवा. माझ्या लेकीने धोशा लावला की टेबलावर जाण्यापूर्वी कागद करून ठेव. तिचं मन राखायला बसले आणि बसल्यावर कळलं की बाकी सगळं वाटायला अर्धा तास पुरतो. अडतं ते एकाच गोष्टीपाशी. मागच्या शेडमधला लाल ट्रॅक्टर कोणाकडे जावा, हा खरा प्रश्न आहे आणि हा कागद मुख्यतः त्यासाठीच आहे.

कलम १. घर, घरातलं सामान, मागची जागा झाडांसह आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते सगळं माझ्या एकुलत्या एका लेकीला. तिला घरात सगळे सुई म्हणतात, कारण ती लहानपणी तशीच होती. बारीक, चकचकीत, आणि कुठे टोचेल याचा नेम नसलेली. आता ती दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर आहे. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. "आई, जेवलीस का?" हा प्रश्न दुसरा असतो. पहिला असतो, "आज त्याच्यावर बसलीस का?" मी तिच्याशी कधी खोटं बोलत नाही, त्यामुळे पुढची दहा मिनिटं तिचं बोलणं ऐकून घेते. पोर सोन्यासारखी आहे. तिच्या वाट्याला आलेल्या घराला एक अट आहे, ती कलम ४ मध्ये.

कलम २. माझ्या यजमानांची कापड कापायची मोठी कात्री सुईलाच. ती कात्री कागदाला लावायची नाही, दोऱ्याच्या गुंडीलासुद्धा लावायची नाही, आणि पानाभाऊंच्या हाती तर लागूच द्यायची नाही. पानाभाऊ म्हणजे आमचे गॅरेजवाले. त्यांच्या खिशात कायम पाना असतो म्हणून हे नाव पडलं. एकदा त्यांनी त्या कात्रीने रबराचं गॅस्केट कापायला घेतलं होतं, तेव्हा मी किती जोरात ओरडले हे रस्त्याच्या टोकापर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

माझं शिलाई मशीन समोरच्या ब्लाऊजवालीला. तिची माझी स्पर्धा कधीच नव्हती. ती बायकांचं शिवते, मी पुरुषांचं शिवत आले. तरीही ट्रॅक्टर आला त्या दिवशी ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून जे हसली ते मी विसरलेले नाही. मशीन घ्यावं, सुखाने वापरावं, आणि दर वेळी पायाखाली पायडल हललं की माझी आठवण काढून थोडं लाजावं, एवढीच इच्छा.

जाऊबाईंना काय ठेवावं याचा मी पुष्कळ विचार केला. मी ट्रॅक्टर घेतेय म्हटल्यावर त्या सगळ्या नातेवाईकांत सांगत सुटल्या, "दीर गेल्यापासून तिचं डोकं फिरलंय." त्यांना मी ट्रॅक्टरवर बसून मागच्या जागेला एक पूर्ण फेरी मारण्याचा हक्क देते. थेट सीटवर, बाजूच्या मडगार्डवर नव्हे. चालवतील त्या स्वतःच. नाही म्हणाल्या तर आग्रह करायचा नाही, पण त्या नाही म्हणणार नाहीत. मी त्यांना गेली पन्नास वर्षं ओळखते. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी झाडावर चढलेली बाई आहे ती.

कलम ३. आता ट्रॅक्टर. तो माझ्या मालकीचा कसा झाला हे लिहिणं भाग आहे, कारण पुढची दोन कलमं त्यावरच उभी आहेत.

आमचे हे होते तोवर मागची जागा ताब्यात होती. रविवारी बनियनवर विळा घेऊन उतरायचे आणि दुपारपर्यंत गवत आडवं करायचे. ते गेले आणि पुढच्याच वर्षी गवताने डोकं वर काढलं. कोपऱ्यातली शेड दिसेनाशी झाली. पैसे घेऊन गवत कापणारे आले, ते मनाला येईल तेव्हा आले आणि गवताबरोबर माझं एक तरणंताठं फळझाडही कापून गेले. जावईबापूंनी ढकलायचं एक छोटं यंत्र आणून दिलं. आमच्या जागेला उतार आहे. ते यंत्र उताराच्या पायथ्याशी पोहोचलं, तिथे त्याला धाप लागली आणि ते तिथेच गेलं. जावईबापू स्वभावाने फार चांगले आहेत, त्यांनी त्याच्यावर अजून एक दिवस घालवला.

मग मी ठरवलं, ट्रॅक्टर घ्यायचा. नवा नको. नव्याला शेत लागतं आणि माझ्याकडे शेत नाही. मला गवत कापायचं, पडलेल्या फांद्या ओढून न्यायच्या आणि फाटकापासून मागपर्यंतची खडीची वाट पाऊस होऊन गेला की सपाट करायची. एवढ्या कामाला जुना, थोडा थकलेला, पण हाडाचा चांगला असा गडी पुरेसा होता. मला आयुष्यभर जुने कोट उलटून शिवायची सवय. अस्तर फाटलं तर बदलता येतं, कापड चांगलं हवं.

पानाभाऊंना घेऊन पहिल्यांदा गेले ते एका विक्रेत्याकडे. तिथे शेडमध्ये निळा ट्रॅक्टर उभा होता. नुकताच रंगवलेला, टायर काळे कुळकुळीत, सीटवर प्लॅस्टिक. विक्रेता म्हणाला, "मावशी, शोरूममधून काढल्यासारखा आहे." मी बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम.

"सकाळपासून चालू होता का?" मी विचारलं.

"छे, दोन दिवस हातसुद्धा लावला नाही."

"मग याला ताप आलाय. ऊन तर इथे येत नाही."

पानाभाऊ माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "बाई, चला. गार इंजिन सुरू होत नसणार, म्हणून आपण यायच्या आधी तापवून ठेवलंय. आणि रंग बघा, नटांवरूनसुद्धा मारलाय. खालून काय गळतंय ते आता देवालाच ठाऊक." आम्ही निघालो. विक्रेत्याने दारापर्यंत सोबत केली आणि मला चहा विचारला. मी नको म्हटलं.

दुसरा ट्रॅक्टर एका रोपवाटिकेत होता. मालक म्हातारा होता आणि ट्रॅक्टर त्याहून फारसा लहान नव्हता. पूर्वी कधीतरी तो भडक लाल असणार. आता शंभर वेळा धुतलेल्या कापडाचा असतो तसा लाल होता. मालकाने आमच्याकडे बघितलं, आणि आम्ही काही विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. "मागून तेल टिपकतं. किती तास चालला ते दाखवणारा काटा कधीच बंद पडला. लिफ्टने वजन वर उचललं तर तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत ते खाली आलेलं असतं. ब्रेक दोन्ही सारखे धरत नाहीत. क्लच जड आहे."

मी म्हटलं, "अहो, मग याच्यात चांगलं काय आहे?"

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, "गार असला तरी सुरू होतो."

आणि झाला. इंजिन बर्फासारखं गार होतं, मी स्वतः हात लावून पाहिलं होतं. त्यांनी हीटरचं बटण दाबून धरलं, जरा थांबले, किल्ली फिरवली. काळ्या धुराचा एक ढग आला, आणि मग तो असा काही धडधडायला लागला की माझ्या छातीत पण धडधडलं. मला हसूच फुटलं. पानाभाऊ तोवर खाली आडवे झाले होते. त्यांनी तेल पाहिलं, रेडिएटरच्या पाण्यात तेल उतरलंय का ते पाहिलं, गवत कापायचं यंत्र जोडतात तो मागचा दांडा फिरतो का पाहिलं. टायरवर भेगा होत्या पण नक्षी खोल होती. उठून कपडे झाडत ते म्हणाले, "म्हाताऱ्याने एकही गोष्ट लपवलेली नाही. उलट दोन जास्तच सांगितल्या." तिथल्या तिथे सौदा झाला. मालकाने निघताना बजावलं, "उतारावर आडवा चालवू नका. सरळ वर, सरळ खाली. बाकी तो तुमचं सगळं ऐकेल." ही सूचना मी इथे मुद्दाम लिहिते आहे. जो कोणी वारस होईल त्याने ती पाठ करावी.

मी त्याचं नाव साहेब ठेवलं, कारण माझ्याकडे माप द्यायला येणारे सगळे साहेबच असायचे. आणि मी त्याचंही माप घेतलं. टेप गळ्यात होतीच. आमचं फाटक अरुंद, म्हणून त्याची उंची घेतली, लांबी घेतली, आणि समोर उभी राहून छाती घेतली, म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या बाहेरून बाहेर. घरी येऊन फाटक मोजलं. माप बसत होतं, दोन्ही बाजूंनी बोटभर ढिलाई ठेवून. पुरुषाच्या कोटात छाती हेच सगळ्यात मोठं माप असतं. छाती बसली की खालचं सगळं बसवता येतं. माझ्या सगळ्या धंद्यात हा नियम एकदाही खोटा ठरला नव्हता.

ट्रकवरून उतरवून पानाभाऊंनी साहेबाला फाटकात घातलं. पुढची चाकं आत गेली. बॉनेट आत गेलं. मी टाळ्या वाजवल्या. मग खण् असा आवाज झाला आणि तो थांबला. ट्रॅक्टरची मागची चाकं पुढच्यांपेक्षा कितीतरी बाहेर असतात, हे जगात सगळ्यांना माहीत होतं. समोरच्या पायरीवरून ब्लाऊजवाली ओरडली, "कोटवाल्या बाई, कंबरेखाली पण माणूस असतो!" आणि पोट धरून हसत सुटली. अर्धा साहेब आत, अर्धा रस्त्यावर. ट्रक निघून गेलेला. मागे दुधाची गाडी हॉर्न वाजवत उभी.

कलम ४. इथे शेजाऱ्यांचा परिचय द्यावा लागेल.

शेजारच्या घरात बँडमास्तर राहतात. त्यांनी स्वतःचा पितळी वाद्यांचा बँड पुष्कळ वर्षं चालवला, आणि ते स्वतः कॉर्नेट वाजवत. सकाळी सराव करायचे. आमचे हे म्हणायचे, कान फाटतात. मास्तर म्हणायचे, आमची दोन मशीनं एकदम सुरू झाली की त्यांना सूर सापडत नाही. यावरून दोघांत जुंपली. आमच्या ह्यांनी मधली भिंत खांद्यापर्यंत वाढवली. मास्तरांनी तिच्यावर आणखी विटा चढवल्या. त्यानंतर दोघं एकमेकांच्या लेखी मेलेले. मी आणि मास्तरांच्या पत्नी मात्र भाजी आणायला एकत्र जायचो आणि वाटेत दोघांची नक्कल करायचो. त्या ह्यांच्याआधीच गेल्या. भिंत राहिली.

त्या दिवशी हॉर्न ऐकून मास्तर बाहेर आले. फाटकात अडकलेल्या साहेबाकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं. कित्येक वर्षांत या घरातल्या कोणाशी ते एक शब्द बोलले नव्हते. मला वाटलं, आता दुधाच्या गाडीबरोबर तेही सुनावणार.

ते म्हणाले, "माझं फाटक रुंद आहे. बँडची गाडी आत जायची त्यातून."

मी म्हटलं, "पण मास्तर, तुमच्या अंगणातून माझ्या मागे यायला मध्ये भिंत आहे."

"आहे," म्हणाले, आणि आत गेले. मला वाटलं विषय संपला. तेवढ्यात पहार घेऊन बाहेर आले. भिंतीपाशी उभे राहून म्हणाले, "वरचे थर माझे आहेत, ते मी काढतो. खालचे तुमच्या यजमानांनी घातलेत, ते तुम्ही काढा." आणि खरंच तसंच केलं. स्वतःच्या विटा काढून झाल्यावर पहार माझ्या हातात दिली आणि छाती पुढे काढून उभे राहिले. मी एक वीट काढली, दुसरी काढली, तिसरीला दमले. मग म्हणाले, "द्या इकडे. यजमानांना सांगू नका." दोघंही हसायला लागलो. पानाभाऊंनी साहेबाला उलटा घेऊन रस्ता मोकळा केला, मास्तरांच्या रुंद फाटकातून आणला आणि पडलेल्या भिंतीतून माझ्या जागेत उतरवला. इंजिन बंद केल्यावर जी शांतता झाली तिच्यात मास्तर म्हणाले, "बाई, हा तर कॉर्नेट आणि मशीन दोन्हींपेक्षा मोठा आवाज करतो." मी म्हटलं, "हो ना." ज्या आवाजावरून एवढी भिंत झाली होती तो आता कोणाला ऐकूही येणार नव्हता.

ती वाट आम्ही परत कधी बुजवली नाही. सबब अट अशी, की सुई किंवा तिच्यामागून घर घेणारा कोणीही, मास्तर त्यांच्या घरात राहत आहेत तोपर्यंत आणि ट्रॅक्टर चालू स्थितीत आहे तोपर्यंत, भिंतीतली ती वाट बंद करणार नाही, तिथे फाटक बसवणार नाही, कुंडीसुद्धा ठेवणार नाही.

कलम ५. त्यानंतर जे सुरू झालं ते अजून चालू आहे. दर शनिवारी सकाळी मास्तर भिंतीतून येतात. मी हीटरचं बटण दाबून धरते, ते एक संथ गत गुणगुणतात, ती संपली की मी किल्ली फिरवते. एवढा वेळ इंजिनाला तापायला नेमका पुरतो. मी गवत कापते, ते फांद्या ट्रॉलीत भरतात. मग ते चालवतात आणि मी बसून फळं खाते. माझ्या जागेनंतर त्यांच्या अंगणाची पाळी. खडीची वाट आम्ही इतकी सपाट केली आहे की टपालवाल्या बाई सायकलवरून न उतरता येतात. साहेबाच्या सीटला मी जाड लोकरीच्या कोटाचं कापड घातलं आहे, आतून कॅनव्हास, कडेला दुहेरी शिलाई. वाद असा एकच. मास्तर म्हणतात मी गिअर फार जोरात टाकते, आणि मी म्हणते की त्यांच्या गतीने गेलो तर मागे कापलेलं गवत पुढे जाईपर्यंत वाढतं.

मला मास्तर आवडतात. हे मृत्युपत्रात लिहायचं असतं का, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कायद्यात बंदी नाही." मग लिहिते. मला फार आवडतात. लग्नबिग्न नको, दोघांनाही आपापल्या स्वयंपाकघराची सवय झाली आहे आणि त्यांचा रेडिओ मला सहन होत नाही. पण शनिवार यायचा असला की शुक्रवारीच मला बरं वाटायला लागतं. ट्रॅक्टर त्यांच्याकडे जावा, दुसऱ्या कोणाकडेही नको, अशी माझी इच्छा आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली सुईची. मी तिला विचारलं, "मास्तरांनी घेतला नाही तर तू साहेबाचं काय करशील?" ती म्हणाली, "आई, खरं सांगू? भंगारात देईन. मला त्याची भीती वाटते. तू त्याच्यावरून पडलीयेस असं मला स्वप्न पडतं." तिच्यावर मी रागावत नाही. भीती तिची आहे, ती खरी आहे.

दुसरी अडचण खुद्द मास्तरांची. त्यांना देता येतं, घेता येत नाही. त्यांचं म्हणणं, घेतलं की माणूस मिंधा होतो. मी त्यांना एकदा कोट शिवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा माणूस शिडी लावून माझ्या छपरावर, पन्हळी साफ करतोय. "मास्तर, हे काय?" तर म्हणे, "कोटाचं." फळांची टोपली दिली तर ती रिकामी परत येत नाही. मी आजारी असताना त्यांनी रोज येऊन विचारपूस केली, आणि ते आजारी पडले तेव्हा दार आतून लावून घेतलं.

आणि या दोन अडचणींत तिसरी आम्ही आमच्या हाताने करून ठेवली. मागच्या वर्षी फांद्या भरताना मी सहज म्हणून गेले, "मास्तर, मी मृत्युपत्र केलं तर साक्षीदार म्हणून सही कराल ना?" ते म्हणाले, "करीन. शब्द दिला." आता वकीलबाई सांगतात की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला ते मिळत नाही. म्हणूनच पानाभाऊंना मी या कागदात काही ठेवलेलं नाही. ते पहिले साक्षीदार आहेत. त्यांना जे द्यायचं ते मी जिवंतपणीच देऊन टाकलं आहे, आणि त्यांनी ते खाऊनही टाकलं आहे.

मास्तरांनी दिलेला शब्द कधी मोडलेला नाही. ते सही करायला उद्या पेन खिशाला लावूनच येतील, हे मला माहीत आहे. वकीलबाई म्हणाल्या, आधीच सांगून टाका, दुसरा साक्षीदार बघू. पण आधी सांगितलं तर ते म्हणतील, "बाई, मला काही नको, मी सहीच करतो," आणि विषय भिंतीवर विटा चढवल्यासारखा बंद होईल. म्हणून मी हे लिहून ठेवते आणि वकीलबाई ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतील.

मास्तर, हे तुम्हाला. तुमचा शब्द मी परत करते. त्याची आता मला गरज नाही. माझा ट्रॅक्टर, त्याचं गवत कापायचं यंत्र, ट्रॉली आणि खडी सपाट करायचं पातं, हे सगळं मी तुम्हाला देते, मात्र तुम्ही या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली नाहीत तरच. सही केलीत तर साहेब सुईकडे जाईल आणि तिथून भंगारात. तुम्ही तुमच्या व्हरांड्यातून त्याला जाताना बघाल. मी रागावणार नाही, कारण मी नसेन. याची काही परतफेड करायची नाही. मी गेल्यावर माझ्या पन्हळी साफ करून कोणाचं भलं होणार आहे? तुम्ही त्याच्यावर बसून गवत कापत असाल असं मला आत्ता दिसतंय, आणि ते बघून मला आत्ता आनंद होतोय. मला तो आनंद तुमच्याकडून घ्यायचा आहे. आता तुम्हीही घ्या.

सही करण्यापूर्वी घातलेली भर, माझ्या अक्षरात:

आज सकाळी वकीलबाईंनी वरचं सगळं माझ्या पुढच्या व्हरांड्यात वाचून दाखवलं. हजर होते पानाभाऊ आणि मास्तर. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि खिशाला पेन होतं. माझ्या आवडीनिवडीचं वाक्य आलं तेव्हा पानाभाऊ रस्त्याकडे बघायला लागले. मास्तर जमिनीकडे बघत राहिले. वाचन संपलं.

मग त्यांनी वकीलबाईंना विचारलं, "सही केली तर मिळतच नाही? थोडासुद्धा नाही?"

"थोडासुद्धा नाही."

"आणि नाही केली तर?"

"तर तुमचा."

त्यांनी पेन काढलं. टोपण उघडलं. कागदाकडे बघितलं. मग टोपण लावलं आणि पेन परत खिशाला अडकवलं.

"बाई, मी शब्द मोडतोय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मोडा."

"मला पाहिजे तो." हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की पानाभाऊ म्हणाले, काय? तेव्हा मास्तर उभे राहिले आणि सरावाच्या वेळच्या आवाजात म्हणाले, "मला ट्रॅक्टर पाहिजे!" समोरची ब्लाऊजवाली पायरीवर आली.

मी रडले हे इथे नमूद करते. पण माझे डोळे पुसून व्हायच्या आतच मास्तर वकीलबाईंकडे वळले आणि म्हणाले, "आणि ती ग्रीसगन पण लिहा. यादीत नाहीये. ती नसली तर मी याला ग्रीस कशाने भरू? आणि उन्हासाठी ती वरची ताडपत्री. आणि सीटचं कापड आहे तेच राहू दे म्हणावं, ते कोणी काढून ठेवायचं नाही." एवढ्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे एक काडीसुद्धा मागितली नव्हती. वकीलबाई लिहीत होत्या आणि ते मागत होते. पानाभाऊ म्हणाले, "मास्तर, दम खा, बाई अजून आहेत."

सबब कलम ५ मध्ये वाढवण्यात येते: ग्रीसगन, ताडपत्री आणि सीटचं कापड हेही मास्तरांना.

दुसरा साक्षीदार उरला नाही म्हणून पानाभाऊ रस्त्यावर धावले आणि टपालवाल्या बाईंना घेऊन आले. त्यांनी सायकल टेकवली आणि हसणाऱ्या मंडळींकडे बघून विचारलं, "कोणाचं लग्न जमलं?"

पानाभाऊ म्हणाले, "लग्न नाही, मृत्युपत्र आहे."

"असं होय," त्या म्हणाल्या. "कुठे सही करू?"

लिहून देणारी: वरील कोटवाली, सही स्वतःची. जरा वाकडी आली आहे, कारण सही करताना मास्तर शेजारून "डिझेलचा डबा पण" म्हणाले.

साक्षीदार १: पानाभाऊ, धंदा गॅरेज. सही, बाजूला अंगठ्याचा काळा डाग. तो अनवधानाने.

साक्षीदार २: टपाल वाटप करणाऱ्या बाई. सही.

स्थळ: माझ्या घराचा पुढचा व्हरांडा.

दिनांक: नऊ फेब्रुवारी. साल वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे. वार शुक्रवार, म्हणजे उद्या शनिवार.